सॉफ्टवेअर-परवाना

संगणकाकडून विशिष्ट काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा, वापर कोणी, कोठे, किती व कोणत्या अटींवर करावा हे ठरविणारा, तिचा निर्माता व वापरकर्ता यांच्यामधील करार म्हणजे सॉफ्टवेअर-परवाना होय. यंत्र किंवा पुस्तक विकत घेणारा त्या वस्तूचा मालक होतो. आज्ञावलीचे मूल्य देणाऱ्यास मात्र सामान्यतः केवळ वापराची अनुज्ञा मिळते. हा भेद वरवर शाब्दिक वाटला, तरी व्यापारी संस्था व आज्ञावलींचे विक्रेते यांच्यातील बहुतेक तंट्यांच्या मुळाशी तोच आढळतो.

आज्ञावली तयार करण्यास पुष्कळ श्रम व द्रव्य लागते. परंतु ती एकदा तयार झाली, की तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे प्रतीच्या उत्पादनखर्चावरून किंमत ठरविता येत नाही. त्याऐवजी यंत्र, मनुष्य, प्रोसेसर, व्यवहार किंवा काळ यांपैकी काही तरी मोजावे लागते आणि संगणकाची रचना बदलली, की हे माप अपुरे पडते. सॉफ्टवेअर-परवान्याचा इतिहास हा बव्हंशी अशा मापाच्या शोधाचा आणि ते माप ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, यासंबंधीच्या वादाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : विकलेल्या वस्तूवर विक्रीनंतरही नियंत्रण ठेवण्याचा प्रयत्न संगणकापेक्षा जुना आहे. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने एका कादंबरीत सूचना छापली होती, की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकण्याचा परवाना कोणासही नाही; तसे करणे हा लेखाधिकाराचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटांना विकले. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निर्णय दिला. लेखाधिकार म्हणजेच कॉपीराइट असणाऱ्यास पहिल्या विक्रीचा हक्क असतो. त्या विशिष्ट प्रतीचे पुढे काय होते, यावर त्याचा ताबा राहत नाही, हे तत्त्व या निर्णयाने दृढ झाले. पुस्तकांच्या प्रकाशकांना जे साधले नाही, ते आज्ञावलींच्या विक्रेत्यांनी पुढे परवान्याच्या द्वारे बऱ्याच अंशी साधले.

संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत हा प्रश्न उद्भवला नाही. यंत्र भाड्याने किंवा विकत देणारी संस्थाच त्याबरोबर आज्ञावली, प्रशिक्षण व दुरुस्ती पुरवीत असे आणि त्यांचे मूल्य यंत्राच्या किमतीत अंतर्भूत असे. आयबीएम यंत्रांच्या वापरकर्त्यांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ नावाचा संघ स्थापन केला. त्याचे सभासद स्वतः लिहिलेल्या आज्ञावली परस्परांना देत असत. जी वस्तू स्वतंत्रपणे विकली जात नव्हती, तिच्या मालकीचा वाद होण्याचे कारण नव्हते.

स्वतंत्र व्यवसायाचा उदय : १९६० नंतरच्या दशकात केवळ आज्ञावली तयार करणाऱ्या संस्था पुढे आल्या. यंत्र-उत्पादक फुकट देत असलेल्या वस्तूस किंमत मागणे त्यांना भाग होते. अप्लाइड डेटा रिसर्च या संस्थेतील मार्टिन गोएट्झ यांना १९६८ मध्ये माहितीची क्रमवारी लावणाऱ्या पद्धतीसाठी एकस्व म्हणजेच पेटंट मिळाले. आज्ञावलीसंबंधी दिलेले ते पहिले एकस्व मानले जाते. त्याच संस्थेने १९६९ मध्ये आयबीएमविरुद्ध दावा लावला. तत्पूर्वी जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी शासनाच्या न्यायखात्याने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला होता. तो पुढे तेरा वर्षे चालून १९८२ मध्ये मागे घेण्यात आला. या पार्श्वभूमीवर २३ जून १९६९ रोजी आयबीएमने आपल्या काही आज्ञावली व सेवा यंत्रापासून अलग करून त्यांचे स्वतंत्र मूल्य आकारण्याचा निर्णय जाहीर केला. प्रारंभी अशा सतरा आज्ञावली होत्या. नवी व्यवस्था १९७० च्या आरंभापासून अंमलात आली.

या आज्ञावली विकण्याऐवजी लेखाधिकाराची सूचना व परवान्याचा करार यांच्या आधारे त्या वापरास देण्याचे आयबीएमने ठरविले. एकस्वाचा मार्ग अनिश्चित होता व लेखाधिकाराची व्याप्ती स्पष्ट नव्हती. अमेरिकेच्या लेखाधिकार कार्यालयाने १९६४ पासून आज्ञावलींची नोंदणी सुरू केली असली, तरी यंत्रास वाचता येणाऱ्या संहितेस संरक्षण आहे किंवा कसे, हे न्यायालयात ठरलेले नव्हते. जेथे कायदा मुग्ध होता, तेथे करार बोलू लागला. परवाना विशिष्ट क्रमांकाच्या एका यंत्रापुरता आणि शुल्क बहुधा मासिक असे. मोठ्या संस्थेकडे एक-दोनच संगणक असत. त्यामुळे ‘एक यंत्र, एक परवाना’ हे माप दोन्ही पक्षांस सोयीचे होते.

लेखाधिकाराचा आश्रय : १९७५ मध्ये अल्टेअर हा घरगुती संगणक निघाला आणि ग्राहकांची संख्या एकाएकी वाढली. प्रत्येकाशी स्वाक्षरीचा करार करणे आता अशक्य होते. अल्टेअरसाठी मायक्रोसॉफ्टने तयार केलेली बेसिक भाषेची आज्ञावली छंदी वापरकर्त्यांच्या मंडळांतून कागदी फितीवर हातोहात फिरू लागली. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी या वापरकर्त्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले असून मिळालेल्या मानधनाचा हिशेब केल्यास कामाच्या ताशी दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचे पैसे द्यावयाचे, पण आज्ञावली वाटून घ्यावयाची, अशी सवय तोपर्यंतच्या व्यवहारानेच लागलेली असल्यामुळे हे पत्र अनेकांना रुचले नाही.

अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९७८ मध्ये आज्ञावलीस लेखाधिकाराचे संरक्षण द्यावे, अशी शिफारस केली व १९८० मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात १९८३ मध्ये अपील न्यायालयाने यंत्रसंहिता व संगणकाची नियंत्रक आज्ञावली यांनाही हे संरक्षण लागू असल्याचे स्पष्ट केले. मात्र १९८० च्या दुरुस्तीने राखीव प्रत काढण्याची व आवश्यक तो बदल करण्याची मुभा प्रतीच्या ‘मालकास’ दिली होती. वापरकर्ता हा मालक नसून केवळ परवानाधारक आहे, असे म्हणणे त्यामुळे विक्रेत्यांच्या अधिकच हिताचे ठरले. कायद्याने पुरेसे संरक्षण दिल्यानंतरही परवान्याची प्रथा मागे पडली नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय.

स्वाक्षरीविना करार : लक्षावधी ग्राहकांपर्यंत परवाना पोहोचविण्यासाठी विक्रेत्यांनी अटींचा कागद वेष्टनात घालण्याची युक्ती काढली. वेष्टन फोडणे म्हणजे अटी मान्य करणे, असे त्यावर छापलेले असे. पैसे देऊन वस्तू घरी आणल्यानंतर दिसणाऱ्या अटी बंधनकारक कशा, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. १९९१ मध्ये स्टेप-सेव्हर विरुद्ध वायझ या खटल्यात अपील न्यायालयाने खोक्यावरील अटी मूळ व्यवहाराचा भाग नसल्याचे ठरविले. परंतु १९९६ मध्ये प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने, माल परत करण्याची संधी असल्यास अशा अटी बंधनकारक ठरतात, असा निर्णय दिला. तीन हजारांहून अधिक दूरध्वनी-निर्देशिकांतील माहिती प्रोसीडीने एकत्र केली होती. घरगुती ग्राहकास ती कमी व व्यापाऱ्यास अधिक किमतीस देण्याचे तिचे धोरण होते. प्रतिवादीने घरगुती प्रत घेऊन तीतील माहिती इंटरनेटवर विकण्यास प्रारंभ केला. वस्तू एकच आणि मूल्ये दोन, अशी पद्धती केवळ परवान्याच्या अटींवर टिकून असते, ही गोष्ट या खटल्याने उघड केली. पुढे वेष्टनाची जागा पडद्यावरील ‘मान्य आहे’ या कळीने घेतली.

कराराबरोबर तांत्रिक बंधनेही योजण्यात आली. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या आज्ञावलीस मूळ चकती यंत्रात असल्याविना काम करता येत नसे. अशा चकत्या खराब होत आणि प्रामाणिक ग्राहकाचेच काम अडे. प्रती काढणाऱ्यांना मात्र बंधन तोडणारी साधने सहज मिळत. व्यापारी ग्राहकांच्या विरोधामुळे कार्यालयीन आज्ञावलींच्या बहुतेक विक्रेत्यांनी त्या दशकाच्या अखेरीस अशी बंधने सोडून दिली. त्याऐवजी विक्रेत्यांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स हा संघ स्थापन केला. कायदेशीर कारवाई, प्रचार व तपासणी ही त्याची साधने होती.

मापाचा पेच : कार्यालयातील संगणक जाळ्याने जोडले गेल्यावर ‘एक यंत्र, एक परवाना’ हे सूत्र ढासळले. शंभर कर्मचाऱ्यांपैकी एका वेळी वीसच जण एखादी आज्ञावली वापरीत असतील, तर परवाने वीस घ्यावयाचे की शंभर ? यातून नामनिर्दिष्ट वापरकर्ता, समकालीन वापरकर्ता व संपूर्ण संस्था अशी निरनिराळी परिमाणे निघाली. मोठ्या सर्व्हरवरील माहितीसंचाच्या आज्ञावलींसाठी यंत्राची शक्ती हे माप घेण्यात आले. ओरॅकलने १९९९ च्या सुमारास प्रोसेसरांची संख्या व त्यांचा वेग यांच्या गुणाकारावर शुल्क आकारणारी पद्धती आणली. यंत्रे दरवर्षी वेगवान होत असल्याने तेच काम करण्यासाठी ग्राहकाचा खर्च वाढू लागला आणि २००१ मध्ये ही पद्धती मागे घ्यावी लागली.

त्यानंतर एका प्रोसेसरमध्ये दोन, चार व अधिक गाभे बसविले जाऊ लागले. प्रोसेसर मोजावयाचा की गाभा, याचे उत्तर प्रत्येक विक्रेत्याने वेगळे दिले. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये गाभे कितीही असले तरी प्रोसेसर एकच मानण्याचे जाहीर केले. परंतु २०१२ मध्ये माहितीसंचाच्या आज्ञावलीसाठी गाभ्यांची मोजणी स्वीकारली. ओरॅकलने गाभ्यांच्या संख्येस प्रोसेसरच्या प्रकारानुसार ठरविलेल्या गुणकाने गुणण्याची रीत ठेवली. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालविण्याची सोय झाल्यावर गुंतागुंत आणखी वाढली. आज्ञावली प्रत्यक्षात यंत्राच्या एका लहानशा भागावर चालत असली, तरी ती जेथे चालू शकेल त्या सर्व यंत्रांसाठी परवाने हवेत, अशी काही विक्रेत्यांची भूमिका असते. आभासी यंत्रांच्या आज्ञावलीत अग्रेसर असलेल्या व्हीएमवेअरने स्वतः २०११ मध्ये स्मृतीच्या प्रमाणावर शुल्क लावून पाहिले; ग्राहकांच्या असंतोषामुळे पुढच्याच वर्षी तिला ते रद्द करावे लागले.

आज्ञावली परस्परांशी बोलू लागल्या, तेव्हा ‘वापरकर्ता’ या शब्दाचा अर्थच अनिश्चित झाला. या दृष्टीने इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये निकालात काढलेला सॅप विरुद्ध डियाजिओ हा खटला महत्त्वाचा आहे. डियाजिओ ही मद्य-उत्पादक संस्था सॅपची व्यवसाय-व्यवस्थापनाची आज्ञावली २००४ च्या करारान्वये वापरीत होती. त्यात शुल्क मुख्यतः नामनिर्दिष्ट वापरकर्त्यांच्या संख्येवर होते. नंतर तिने दुसऱ्या संस्थेच्या मंचावर स्वतःच्या दोन प्रणाली उभारल्या. एकीतून ग्राहक थेट मागणी नोंदवीत, तर दुसरी फिरत्या विक्रेत्यांसाठी होती. दोन्ही प्रणाली मागील बाजूने सॅपशी जोडलेल्या होत्या. असा अप्रत्यक्ष वापरही वापरच होय, म्हणून सॅपने ५.४ कोटी पौंडांहून अधिक रकमेची मागणी केली. शुल्क देय आहे, असे न्यायालयाने ठरविले. रकमेची निश्चिती पुढील टप्प्यासाठी ठेवली. करार लिहिला गेला तेव्हा असा वापर कोणत्याही पक्षाच्या डोळ्यांसमोर नव्हता, हे या प्रकरणाचे मर्म होय. या निकालाने जगभरातील ग्राहक धास्तावले आणि सॅपने २०१८ मध्ये प्रणालीत निर्माण होणाऱ्या दस्तऐवजांच्या संख्येवर आधारलेले नवे माप पुढे केले.

व्यापारी संस्थांच्या अडचणी : बहुतेक करारांत विक्रेत्यास तपासणीचा अधिकार असतो. परवाने कमी आढळल्यास ग्राहकास थकीत शुल्क व मागील काळाचे देखभालशुल्क भरावे लागते. अशी तूट पुष्कळदा लबाडीमुळे नव्हे, तर कर्मचाऱ्यांच्या बदल्या, संस्थांचे विलीनीकरण, यंत्रांची पुनर्रचना किंवा अटींचा चुकीचा अर्थ यांमुळे उद्भवते. उलटपक्षी तपासणीच्या भीतीने गरजेपेक्षा अधिक परवाने घेऊन ठेवले जातात व ते पडून राहतात. परवान्यांची नोंद ठेवणे हे त्यामुळे एक स्वतंत्र शास्त्र बनले असून त्यासाठी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. विक्रेता बुडाल्यास मूळ संहिता मिळावी, म्हणून ती त्रयस्थ विश्वस्ताकडे ठेवण्याची पद्धतीही रूढ आहे.

घेतलेला परवाना दुसऱ्यास विकता येतो किंवा नाही, याबाबत अटलांटिक महासागराच्या दोन किनाऱ्यांवर भिन्न उत्तरे मिळाली. अमेरिकेत २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने, परवान्याने हस्तांतरणावर बंधन असल्यास वापरकर्ता हा मालक नव्हे, म्हणून तो जुनी प्रत विकू शकत नाही, असे ठरविले. यूरोपीय न्यायालयाने मात्र ३ जुलै २०१२ रोजी यूजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात याच्या उलट मत दिले. एकरकमी मूल्य घेऊन अमर्याद काळासाठी दिलेला परवाना ही विक्रीच होय. मूळ ग्राहकाने आपली प्रत निरुपयोगी केल्यास त्यास परवाना विकता येईल, असे त्याने म्हटले. १९०८ मधील पुस्तकाचा वाद शंभर वर्षांनंतर अशा प्रकारे पुन्हा उभा राहिला.

मुक्त परवाने : परवान्याच्या साधनानेच परवान्याची बंधने उलटविण्याचा प्रयत्न रिचर्ड स्टॉलमन यांनी केला. त्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. १९८९ मध्ये निघालेल्या ग्नू सार्वजनिक परवान्याने प्रत काढणे, बदल करणे व वाटणे यांची मुभा दिली. मात्र पुढे वाटताना तीच मुभा व मूळ संहिता इतरांनाही दिली पाहिजे, अशी अट घातली. ही अट लेखाधिकाराच्याच बळावर उभी आहे. अशा परवान्याच्या अटींचा भंग हा लेखाधिकाराचा भंग ठरू शकतो, हे अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले. मूल्य नसले, तरी अटी असतात, हे न ओळखल्यामुळे अनेक व्यापारी संस्था अडचणीत आल्या. विक्रेत्यांपुढील पेच वेगळा होता. मुक्त आज्ञावली मोठ्या क्लाउड-कंपन्या सेवेच्या रूपाने विकू लागल्यावर मूळ निर्मात्यास त्यातून काही मिळेना. म्हणून मोंगोडीबीने २०१८ मध्ये व इलॅस्टिकने २०२१ मध्ये आपले परवाने अधिक कडक केले. इलॅस्टिकने २०२४ मध्ये मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा खुला केला.

भारतातील स्थिती : भारतीय लेखाधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत करण्यात आला. १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. आवश्यक व राखीव प्रती काढण्याची मुभा मात्र या कायद्याने प्रतीच्या ‘मालकास’ नव्हे, तर ‘कायदेशीर कब्जेदारास’ दिली आहे. अमेरिकेत मालक या शब्दावरून माजलेला वाद त्यामुळे येथे बराच टळला.

येथील प्रमुख वाद करांच्या संदर्भात झाले. मुंबईस मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आंध्र प्रदेश राज्याविरुद्ध केलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये, चकतीवर विकली जाणारी तयार आज्ञावली ही विक्रीकरास पात्र असा ‘माल’ आहे, असा निर्णय दिला. परदेशी विक्रेत्यास दिलेले मूल्य हे लेखाधिकाराबद्दलचे स्वामित्वशुल्क समजून त्यातून प्राप्तिकर कापावा काय, हा प्रश्न नंतर दीर्घकाळ गाजला. २ मार्च २०२१ रोजी त्याच न्यायालयाने, वापरापुरता परवाना घेणाऱ्यास लेखाधिकारातील कोणताही हक्क मिळत नाही. सबब अशी रक्कम दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांनुसार स्वामित्वशुल्क ठरत नाही, असा निर्वाळा दिला. लहानमोठ्या असंख्य भारतीय संस्थांच्या दृष्टीने हा निर्णय दिलासा देणारा ठरला.

वर्गणीकडे वाटचाल : सेल्सफोर्स या १९९९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आज्ञावली ग्राहकाच्या यंत्रावर न ठेवता इंटरनेटवरून वर्गणीने वापरास देण्याचा पायंडा पाडला. ॲडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचे जाहीर केले. व्हीएमवेअर ही संस्था नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेल्यानंतर पुढच्याच महिन्यात तिने कायमचे परवाने विकणे बंद केले.

या पद्धतीत बेकायदा प्रतींचा प्रश्न बराच सुटतो, विक्रेत्याचे उत्पन्न स्थिर होते आणि ग्राहकास आरंभीचा मोठा खर्च टळून अद्ययावत आवृत्ती मिळते. परंतु पूर्वी देखभाल थांबविली, तरी हातातील जुनी आवृत्ती चालत राही. आता वर्गणी थांबताच कामही थांबते. अनेक वर्षांची माहिती त्या प्रणालीत साठलेली असल्याने दुसरीकडे जाणे कठीण असते आणि दरवाढीपुढे ग्राहकाची बाजू लंगडी पडते. यूरोपीय न्यायालयाने पुनर्विक्रीचा जो हक्क मान्य केला, तोही मुदतीच्या वर्गणीस लागू पडत नाही. १९७० मध्ये यंत्राच्या मासिक शुल्कापासून निघालेला हा व्यवहार अर्ध्या शतकानंतर पुन्हा मासिक शुल्कापाशी आला आहे. मधल्या काळात मालकीचे जे थोडे हक्क वापरकर्त्याकडे आले होते, ते राखावयाचे तर माहिती बाहेर नेण्याचा अधिकार, दरवाढीची मर्यादा व मोजणीची स्पष्ट व्याख्या या गोष्टी करारात आधीच लिहून घेणे, एवढाच मार्ग व्यापारी संस्थांना उरतो.